प्रत्युत्तराची कला

ठाण्यास मासुंदा तलावाच्या कांठीं जें नाट्यगृह १९७८ सालीं उघडलें त्यास राम गणेश गडकरी यांचें नांव आहे, आणि कल्याणच्या नाट्यगृहास आचार्य अत्रे यांचें. दोन्ही गांवांमधील आगगाडीचें अंतर सुमारें २० किलोमीटर. अत्रे आपणांस गडकऱ्यांचे शिष्य म्हणवीत असत; तेव्हां गुरूच्या नांवाच्या घरून निघून शिष्याच्या नांवाच्या घरीं तासाभरांत सहज पोंचतां येईल अशी सोय या मुलुखास लाभली आहे. नांवें देणाऱ्यांच्या मनांत असा कांहीं हेतु असेल असें मला वाटत नाहीं. पण योगायोगानें कां होईना, मराठींतील शाब्दिक विनोदाचे दोन मोठे धनी एकाच लोहमार्गावर येऊन बसले आहेत; आणि मधल्या डोंबिवलींत पु. भा. भावे यांच्यासारखा जळजळीत लेखणीचा व शं. ना. नवरे यांच्यासारखा मृदु, मिस्किल लेखणीचा, असे दोन लेखक राहून गेले. अशा प्रदेशांतील वाचकानें हजरजबाबाची थोडी बारकाईनें चिकित्सा करूं म्हटलें, तर तें अस्थानीं होऊं नये.

चिकित्सा म्हणतों याचें कारण असें कीं, आजवर आपण हजरजबाबांचे संग्रह पुष्कळ केले, परीक्षण मात्र फारसें केलें नाहीं. न. चिं. केळकरांनीं ‘हास्यविनोदमीमांसा’ लिहून हास्याच्या कारणांचा ऊहापोह केला, तो सन्मान्य अपवाद होय. एरव्हीं आपल्या पुढ्यांत येतात तीं थोर पुरुषांच्या विनोदी आठवणींचीं पुस्तकें. त्यांची घडण ठरून गेलेली असते. कोणी एक अनामिक गृहस्थ उभा राहतो, एक मूर्ख प्रश्न विचारतो, थोर पुरुष ताडकन् उत्तर देतात, सभा पोट धरून हंसते आणि तो गृहस्थ खालीं बसतो. पुढच्या पानावर तोच गृहस्थ पुन्हां उभा राहतो. हा बिचारा कोण, त्याचा प्रश्न खरोखरच मूर्खपणाचा होता काय, सभा कसली होती, आधीं काय बोलणें झालें होतें, यांपैकीं कांहींच आपणांस कळत नाहीं. आणि हजरजबाबाचा प्राण तर नेमका त्यांतच असतो. सुभाषित कोठेंही नेऊन ठेवावें, तें चमकतें. हजरजबाबाचें तसें नाहीं. तो ठिणगीच्या जातीचा आहे. दोन दगडांपैकीं एक फेंकून दिला कीं उरतो तो नुसता दगड.

इंग्रजींत डॉक्टर जॉन्सनचीं उत्तरें आजही ताजीं वाटतात, याचें श्रेय जॉन्सनइतकेंच बॉस्वेलचें आहे. १७९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चरित्रांत जॉन्सन कोणाच्या घरीं जेवावयास गेला होता, शेजारीं कोण बसलें होतें, संभाषण कोणत्या विषयावरून कोणत्या विषयाकडे वळलें, हें सारें आधीं येतें आणि उत्तर मागाहून येतें. क्वचित् जॉन्सन अन्यायानें बोलला असला तर तेंही आपणांस दिसतें, कारण समोरचा माणूस आपणांस दिसत असतो. अत्र्यांना बॉस्वेल मिळाला नाहीं. त्यांना भक्त मिळाले.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांतील ती प्रसिद्ध आख्यायिकाच पाहावी. विधानसभेंत सरकारपक्षाचें एवढें बळ, तेथें तुम्ही एकटे काय करणार, असें अत्र्यांना एका सभेंत कोणी शेतकऱ्यानें विचारलें. त्यावर तुझ्या खुराड्यांत कोंबड्या किती आणि कोंबडे किती, असा उलट प्रश्न अत्र्यांनीं त्यास केला, अशी ती गोष्ट. कोंबड्यांची संख्या सांगणाराच्या उदारपणाप्रमाणें कमीजास्त होते. आतां अत्रे १९५७ च्या निवडणुकींत विधानसभेवर गेले तेव्हां संयुक्त महाराष्ट्र समितीचे उमेदवार पश्चिम महाराष्ट्रांत मोठ्या संख्येनें निवडून आले होते. विरोधी बांकांवर अत्रे एकटे मुळींच नव्हते. म्हणजे ज्या एकटेपणावर त्या उत्तराचा सारा डौल उभा आहे, तो एकटेपणा त्या वेळच्या हकीकतीशीं जुळत नाहीं. गोष्ट घडलेली असो वा नसो, तिला या एकटेपणाची गरज कां पडली, हें पाहण्यासारखें आहे. एका विरुद्ध पुष्कळ अशी मांडणी झाल्यावांचून हजरजबाबास रंग चढत नाहीं, हें गोष्ट सांगणाऱ्या सामान्य माणसास उपजतच ठाऊक असतें. टीकाकारास तें शिकावें लागतें.

ही घडवाघडव आपल्याकडेच चालते असें नव्हे. मी तुमची पत्नी असतें तर तुमच्या कॉफींत विष घातलें असतें, असें लेडी ॲस्टर चर्चिलला म्हणाली, आणि मी तुमचा पति असतों तर ती कॉफी प्यालों असतों, असें चर्चिलनें उत्तर दिलें, ही कथा जगभर सांगितली जाते. हाच विनोद १९०० च्या आगेमागे अमेरिकेंतील वृत्तपत्रांत निनावी छापला गेला होता. त्या वेळीं चर्चिल पंचविशीचा तरुण होता, आणि लेडी ॲस्टर म्हणून पुढें गाजलेल्या बाईंचें त्या घराण्यांत लग्नही झालेलें नव्हतें. तें १९०६ सालचें. चांगलें उत्तर फार दिवस अनाथ राहूं शकत नाहीं. कोणी तरी श्रीमंत बाप त्यास शोधून देण्यांत येतो. इंग्लंडांत चर्चिल किंवा शॉ, उत्तरेंत बिरबल, दक्षिणेंत तेनाली रामन, आणि आपल्याकडे आधीं टिळक, मग अत्रे, मग पु. ल. देशपांडे.

‘हजरजबाब’ हा शब्द आपण अरबी-फारशींतून घेतला. त्याचा अर्थ जबाब ज्याच्यापाशीं हजर आहे तो. म्हणजे शब्दांत दरबार आहे, सवाल आहे आणि सवाल करणारा वरिष्ठही आहे. संस्कृतांतील त्याचा जवळचा आप्त म्हणजे ‘प्रत्युत्पन्नमति’. हितोपदेशांतील तीन माशांच्या गोष्टींत या नांवाचा मासा आहे. कोळ्याच्या जाळ्यांत सांपडल्यावर तो मेल्याचें सोंग घेतो, आणि जाळें सैल होतांच खोल पाण्यांत उडी मारतो. गंमत अशी कीं, तत्काळ बुद्धीचा हा आदर्श साऱ्या प्रसंगांत अवाक्षरही काढीत नाहीं. त्याला टाळ्या नको होत्या, जीव वांचवावयाचा होता. हजरजबाबाची मूळ प्रेरणा ही अशी जीव वांचविण्याची असावी, असा माझा तर्क आहे. टाळ्या मागाहून आल्या.

शब्दांच्या अंगानें पाहूं गेल्यास आपल्या आलंकारिकांनीं या कलेचें मर्म फार पूर्वींच नेमकेपणानें हेरलें होतें. कुंतकानें ‘वक्रोक्ति’ हा शब्द साऱ्या काव्याच्या जीवितापर्यंत ताणला, तो भाग वेगळा. पण त्याच्या आधीं रुद्रटानें आणि त्याच्या नंतर मम्मटानें त्याचा जो संकुचित अर्थ केला तो आपल्या विषयास अधिक उपयोगी आहे. एकानें एका अर्थानें बोललेलें वाक्य दुसऱ्यानें मुद्दाम भलत्याच अर्थानें घेणें, मग तें श्लेषाच्या बळावर असो कीं स्वराच्या हेलकाव्यावर असो, ही त्यांची वक्रोक्ति. शंकर-पार्वतीच्या द्वारसंवादाचें उदाहरण संस्कृत शिकलेल्या प्रत्येकास आठवेल. शंकर बाहेरून आपण ‘शूली’ आहों असें सांगतात. पार्वती आंतून त्यांस वैद्याकडे जावयास सांगते. ते ‘नीलकंठ’ म्हणतात, तर ती मोराचा आवाज काढून दाखवा म्हणते. ते ‘पशुपति’ म्हणतात, तर ती शिंगांची चौकशी करते. येथें पार्वतीनें स्वतःचें असें कांहीं आणलेलें नाहीं. नवऱ्याचेच दागिने उलटे करून त्याच्या गळ्यांत घातले आहेत. उत्तम प्रत्युत्तराचें हें पहिलें लक्षण होय. त्याचें भांडवल शत्रूचें असतें. नाट्यशास्त्रकारांनीं तर वीथीच्या तेरा अंगांत ‘वाक्केली’ आणि एकमेकांवर शब्दांनीं कुरघोडी करण्याचें ‘अधिबल’ यांस स्वतंत्र जागा दिली. तमाशांतील बतावणी पाहणारास या नांवांची ओळख नसते, पण वस्तूची असते.

पुस्तकांतून रस्त्यावर आलों तर हेंच लक्षण तेथेंही लागू पडतें. ठाण्याहून कल्याणकडे जाणाऱ्या संध्याकाळच्या गाडींत गर्दीबद्दल कोणी कुरकुर केली, तर दुसरा कोणी तरी त्यास ‘टॅक्सीनें जा’ म्हणून सांगतोच. लोक यास हजरजबाब समजतात. मी तें मानीत नाहीं. जें उत्तर कोणीही, कोणालाही, कोणत्याही दिवशीं देऊं शकतो तें हजर खरें, पण जबाब नव्हे. तें झिजलेलें नाणें आहे. परंतु एकदां एका वृद्ध गृहस्थांना एका तरुणानें, ‘काका, एवढा त्रास होतो तर टॅक्सीनें जावें ना,’ असें सुनावलें, तेव्हां ते म्हणाले, ‘टॅक्सीनेंच जाणार होतों रे बाबा, पण मग तुझी गाठ कोठें पडली असती?’ हें मात्र उत्तर झालें. त्यांत टॅक्सी त्याचीच आहे. टोमणाही त्याचाच आहे. पण टोमण्यानें ज्या दोघांना दूर लोटलें होतें त्यांस उत्तरानें एका बांकावर आणून बसविलें. पुढें त्या तरुणानें त्यांना चौथ्या सीटवर जागा करून दिली, असें मी सांगितलें तर तें संग्रहकारांच्या रीतीस धरून होईल. म्हणून सांगत नाहीं.

कल्याणच्या भाजीबाजारांतलें एक उत्तरही मला याच तोडीचें वाटतें. भेंडी कोवळी आहे कीं जून हें पाहण्यासाठीं एक बाई एकामागून एक शेंडे मोडीत होत्या. विकणारी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘ताई, शेंडे तुम्ही ठेवले न्हाई, आतां देठ मी कोनाला इकूं?’ आवाजांत राग नव्हता, हिशेब होता. आमच्या विनोदी आठवणींच्या पुस्तकांत अशा बायकांना जागा नाहीं. लग्नघरांत विहिणींनीं एकमेकींस उखाण्यांतून दिलेले टोले, सासरीं नांदणाऱ्या मुलीनें जात्यावर बसून दिलेलीं उत्तरें, आगरी-कोळी लग्नांत धवले गाणाऱ्या धवलारिणीची जीभ, हें सारें लोकसाहित्य म्हणून निराळ्या कपाटांत गेलें, आणि हजरजबाब तेवढा व्यासपीठावरच्या पुरुषांच्या नांवें जमा झाला. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण ज्या भाषेनें घडविली, त्या भाषेंतील प्रत्युत्तराचा इतिहास स्वयंपाकघर वगळून कसा लिहितां येईल, हें मला समजत नाहीं.

उत्तर वेळेवर न सुचण्याचें दुःखही थोडें पाहिलें पाहिजे. अठराव्या शतकांतील फ्रेंच पंडित दिदरो हा नेकर नांवाच्या मंत्र्याच्या घरीं जेवावयास गेला असतां कोणी तरी असें कांहीं बोललें कीं तो निरुत्तर झाला. त्यावर त्यानें नटांविषयींच्या आपल्या निबंधांत असें निरीक्षण नोंदविलें कीं, हळव्या माणसाचें डोकें जिना उतरून खालीं आल्यावरच ताळ्यावर येतें. फ्रेंच भाषेंत तेव्हांपासून ‘जिन्यावरची बुद्धि’ हा वाक्प्रचार रूढ झाला. आपल्याकडे ‘वरातीमागून घोडें’ आहे, पण त्यांत ही व्यथा नाहीं. त्यांत पाहणाराचें हंसूं आहे. दिदरोचें म्हणणें नीट पाहिलें तर त्यांत हजरजबाबी माणसाविषयीं एक शंका दडलेली दिसते. ज्याला लागत नाहीं त्याला लगेच सुचतें. ज्याला लागतें तो अडखळतो. मग तत्परता ही बुद्धीची खूण म्हणावी कीं कातडीच्या जाडीची?

या शंकेसह आपण गडकऱ्यांकडे वळूं. गडकऱ्यांचीं सर्व पात्रें गडकऱ्यांच्याच भाषेंत बोलतात, हा आक्षेप जुना आहे आणि तो मी पुन्हां उगाळीत नाहीं. माझी तक्रार निराळी आहे. त्यांच्या विनोदी प्रवेशांत प्रश्न आधीं जन्मत नाहीं, उत्तर आधीं जन्मतें. कोटी तयार असते. मग तिच्या मापाचा प्रश्न बेतून तो समोरच्या पात्राच्या तोंडीं दिला जातो. ‘प्रेमसंन्यासां’तील विसरभोळ्या गोकुळाच्या प्रवेशांत हें खपून जातें, कारण तेथें पात्रच एका खुबीवर उभें केलेलें आहे. पण इतरत्र दोघांच्या संवादाऐवजीं एकाच माणसाचा उजवा हात डाव्या हातास टाळी देतो आहे असें वाटतें. शेक्सपिअरच्या बिएट्रिस आणि बेनेडिक यांच्या झटापटींत प्रत्येक उत्तरागणिक त्या दोघांतील नातें तसूभर हलतें. शेवटीं देवळांतील त्या प्रवेशांत, चुलतबहिणीची अब्रू गेलेली पाहून, बिएट्रिस कोटी टाकून देते आणि दोनच शब्दांत क्लॉडिओचा प्राण मागते. तोंवरच्या साऱ्या थट्टेचें वजन त्या दोन शब्दांस लाभतें. गडकऱ्यांच्या कोट्यांचा झरा अखंड वाहतो, म्हणून त्याचें थांबणें असें कानांत भरत नाहीं.

इतकें म्हटल्यावर, ज्या एका गोष्टीसाठीं मी हा लेख लिहावयास घेतला तिच्याकडे येतों. गडकरी स्वतः कोट्यांत बुडालेले होते. परंतु त्या शक्तीविषयीं नाटककार या नात्यानें ते भोळे नव्हते. ‘भावबंधनां’त संकटाची सुरुवात कशानें होते? लतिकेच्या तिखट जिभेनें. तिनें केलेला उपहास घनश्यामाच्या मनांत सलत राहतो, आणि त्या सलाचें सुडांत रूपांतर होऊन एका निरपराध कुटुंबावर घाला येतो. सभागृहानें ज्या वाक्यांस हंसून दाद दिलेली असते त्यांचें बिल पुढील अंकांत चुकवावें लागतें. आणि ‘एकच प्याला’! गडकरी १९१९ च्या जानेवारींत सावनेर येथें वारले, आणि हें नाटक त्याच सालीं, त्यांच्या पश्चात् रंगभूमीवर आलें. त्यांत सर्वांत चपळ जीभ कोणाची? सुधाकर बुद्धिमान् वकील खरा. पण न्यायासनापुढील अपमान त्याला झोंबतो, सनद जाते, आणि तो कोलमडतो. तो दिदरोच्या जिन्यावरचा माणूस आहे. रामलाल सज्जन आणि विद्वान्. पण त्याची भाषणें लांबतात, आणि तो बोलूं लागला कीं प्रेक्षक पानसुपारीकडे वळतो. प्रत्येक आक्षेपास हजर उत्तर एकट्या तळीरामापाशीं आहे. मद्यपानाविरुद्ध शास्त्र, नीति, अर्थ, आरोग्य, कोणताही मुद्दा काढा. तळीराम तो उलटा करून तुमच्याच अंगावर टाकतो. त्याचें आर्य मदिरा मंडळ ही सार्वजनिक संस्थांची झकास थट्टा आहे. ती ऐकतांना आपण पोटभर हंसतों, आणि हंसतां हंसतां सुधाकराचा पेला भरला जातो. गडकऱ्यांनीं आपली सर्वांत लखलखीत देणगी या माणसाच्या हवालीं केली, आणि सिंधूला, जिच्या वांट्यास सारें दुःख येतें तिला, तिच्यांतलें कांहीं दिलें नाहीं. हें अजाणतां घडलें असें मानावयास मी तयार नाहीं.

आतां शिष्याकडे पाहूं. अत्र्यांचे दोन भाग पाडावे लागतात. १९४० मध्यें सुरू झालेलें साप्ताहिक ‘नवयुग’ आणि १९५६ च्या नोव्हेंबरांत निघालेला दैनिक ‘मराठा’ यांच्या संपादकाच्या खुर्चींतून त्यांनीं अनेकांना जीं उत्तरें दिलीं, तीं भक्तमंडळी हजरजबाबांत जमा करितात. तें बरोबर नाहीं. रात्रीं टेबलाशीं बसून लिहिलेलें उत्तर कितीही झणझणीत असलें तरी तें जिना उतरल्यावरचें उत्तर होय; त्यांत तत्परता नाहीं. शिवाय ज्याच्या हातीं छापखाना आहे त्याचें उत्तर नेहमीं शेवटचेंच असतें. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यांत मुंबई राज्याच्या सत्तेशीं अत्रे भिडले, तेव्हां त्यांच्या शब्दांमागें रस्त्यावरचा माणूस होता आणि समोर सत्तेचें सारें सामर्थ्य होतें. त्या वेळच्या त्यांच्या अतिशयोक्तींस, शिवराळपणाससुद्धां, एक शोभा आहे. तीच भाषा एखाद्या एकट्या-दुकट्या लेखकावर कोसळते तेव्हां ती शोभा राहत नाहीं. शब्द बदललेले नसतात. समोरचा माणूस लहान झालेला असतो. ‘झेंडूचीं फुलें’ लिहिणारे अत्रे मला संपादक अत्र्यांपेक्षां या कलेंत सरस वाटतात, कारण तेथें त्यांनीं पार्वतीची युक्ति वापरली. कवींचेच अलंकार, कवींचीच लकब घेऊन ती उलटी केली.

सिसेरोनें वक्तृत्वावरील ग्रंथांत एक मार्मिक भेद केला आहे. आपण होऊन केलेल्या थट्टेपेक्षां उत्तरादाखल केलेली थट्टा लोकांना अधिक रुचते, असें तो सांगतो, आणि त्याचीं दोन कारणें देतो. पहिलें, तींत बुद्धीची चपळाई अधिक दिसते. दुसरें, छेडलें नसतें तर हा माणूस गप्पच राहिला असता, असा त्याच्या सौजन्याविषयीं ऐकणाराचा ग्रह होतो. हें दुसरें कारण महत्त्वाचें आहे. हजरजबाबी माणसास आपण जी माफी देतों ती बचाव करणारास दिलेली माफी असते. म्हणूनच जो तो स्वतःवर हल्ला झाल्याचें आधीं सिद्ध करूं पाहतो, आणि म्हणूनच त्या कोंबड्यांच्या गोष्टींत अत्र्यांना एकटें करावें लागलें.

नाटककार अत्र्यांनीं मात्र या माफीचाच उलटतपास घेतला. ‘तो मी नव्हेच’ हें नाटक १९६२ च्या ऑक्टोबरांत दिल्लीस प्रथम झालें, मो. ग. रांगणेकरांचें दिग्दर्शन, फिरता रंगमंच आणि प्रभाकर पणशीकरांच्या पांच भूमिका यांनीं तें गाजलें, आणि त्याचें नांवच मराठींत वाक्प्रचार होऊन बसलें. नाटक न्यायालयांत घडतें. आरोपी आहे निपाणीचा तंबाखूचा व्यापारी म्हणविणारा लखोबा लोखंडे. आणि तो आपला बचाव आपणच करितो. जिला यानें फसविलें, लुबाडलें, टाकून दिलें, अशी बाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभी राहते आणि हा तिला प्रश्न विचारतो. ती रडते, गोंधळते, तारखा चुकते. तो चुकत नाहीं. त्याच्या प्रत्येक वाक्यास हंशा मिळतो. प्रेक्षकांना आरंभापासून ठाऊक असतें कीं हा तोच आहे; दर प्रवेशांत त्यांनीं त्याला निराळ्या वेषांत प्रत्यक्ष पाहिलेलें असतें. तरीही ते त्याच्याच बाजूनें हंसतात. नाट्यगृहांतील तो अंधार हंसणारास फार सोयीचा असतो.

या नाटकावर असा आक्षेप येऊं शकतो कीं, अत्र्यांनीं एका भामट्यास इतकें रंजक केलें कीं फसलेल्या स्त्रियांचें दुःख विनोदांत वाहून गेलें. प्रयोग ढिला झाला तर हा आक्षेप खराही ठरतो. नट टाळ्यांच्या मागें लागला कीं लखोबा नायक होतो. पण संहितेची रचना याच्या उलट साक्ष देते. एका बाजूस घडलेला प्रसंग, दुसऱ्या बाजूस त्याचें न्यायालयांतील उत्तर, अशी तिची वीण आहे. जें आपण आतांच डोळ्यांनीं पाहिलें तें पुढच्या क्षणीं एका खटकेबाज वाक्यानें पुसलें जातांना आपण पाहतों, आणि त्या पुसण्यास आपलें हंसूं उपयोगी पडतें. संग्रहांतील हजरजबाबांत जें नेमकें कापून टाकलेलें असतें, म्हणजे उत्तराच्या आधीं काय घडलें तें, तेवढेंच अत्र्यांनीं येथें रंगमंच फिरवून फिरवून दाखविलें आहे. गडकऱ्यांचा तळीराम आणि अत्र्यांचा लखोबा यांच्यामध्यें त्रेचाळीस वर्षांचें अंतर आहे. पण जिभेचे दोन सम्राट्, आणि दोघांनींही आपलें राज्य एकेका लबाडास लिहून दिलें!

लबाडावांचून हजरजबाबास गत्यंतर नाहीं, असा याचा अर्थ कोणी काढूं नये. एकनाथांच्या भारुडांत ‘हिंदु-तुर्क संवाद’ म्हणून एक प्रकरण आहे. दोघेही एकमेकांच्या देवाधर्मावर असे कांहीं तुटून पडतात कीं आजच्या वाचकाचा श्वास क्षणभर अडकावा. प्रत्येक टोमण्यास तोडीचा टोमणा. कोणी मागें हटत नाहीं. आणि शेवटीं दोघे एकमेकांस वंदन करून समाधानानें वेगळे होतात. हें कसें साधलें? नाथांनीं दोघांच्याही जिभेस सारखी धार दिली म्हणून. अडखळणारा तेथें कोणीच नाहीं. ज्या संवादांत एकाचें उत्तर झाल्यावर दुसऱ्यास पुन्हां बोलण्याची पाळी मिळते, त्या संवादास पुढें जावयास वाट राहते. संग्रहांतील तो अनामिक गृहस्थ खालीं बसतो तो कायमचा.

त्या गृहस्थास पुन्हां उभा करण्याचा एक मार्ग मात्र आहे, आणि तो श्रमाचा असला तरी अशक्य नाहीं. विधानसभेंतील भाषणें जागच्या जागीं लिहून घेतलीं जातात, आणि कामकाजाचे अहवाल पुढें छापले जातात. अत्र्यांच्या विधानसभेंतील म्हणून ज्या कथा सांगितल्या जातात त्यांतील निदान कांहींचा माग त्या अहवालांत लागावा. प्रश्न कोणी केला, कोणत्या विधेयकाच्या वेळीं, उत्तर काय आलें, आणि मुख्य म्हणजे त्या उत्तरानंतर समोरचा सभासद पुढें काय बोलला, हें तेथें ओळीनें सांपडेल. ठाणें, कल्याण, डोंबिवली येथें मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी थोडे नाहींत. ठाण्यास १८९३ पासूनचें मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, कल्याणास १८६४ पासूनचें सार्वजनिक वाचनालय आहे, आणि अहवालांसाठीं मुंबईस जावें लागलें तरी गाडी आहेच. एखाद्यानें ‘अत्र्यांचा विनोद’ हा नेहमींचा विषय सोडून १९५७ ते १९६२ या पांच वर्षांचीं तीं पानें चाळण्याचें मनावर घेतलें, तर त्याचा प्रबंध वाचावयास मी आनंदानें वेळ काढीन. कांहीं कथा त्यांत गळून पडतील. पण उरतील त्यांच्या दोन्ही बाजू आपणांस प्रथमच ऐकूं येतील.